कडी मागून लावावी

मेहकर,
शुक्रवार, दि. ६ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप जनकाताईंच्या चरणी वामनचे शि. सा. न. वि. वि.

आपले दि. २ चे पत्र काल पावले. उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढल्यानंतर आपण स्वहस्ते लिहिलेले हे पहिलेच पत्र, म्हणून ते मी दोनदा वाचले. अक्षर सुधारले आहे. मजकूर सुधारणे मात्र मला भाग आहे. आमच्या घरातील प्रकरणाची जी हकिकत आपण लिहिली आहे, आणि जी एव्हाना मलकापूरला आमच्या चि. गजेंद्रच्या कचेरीपर्यंत पोहोचली आहे, तिच्यात सत्य थोडे आणि आमच्या सूनबाईंचा फोन फार आहे.

आपण लिहिता, वामनची गाडी कापली. गाडी कापलेली नाही. मागच्या बंपरच्या खालच्या कडेला वीतभर खाच पाडली असून तिच्यातून एक लोखंडी कडी बाहेर आली आहे. कडीच्या टोकाला मोठ्या लिंबाएवढा पोलादी गोळा आहे. घरातील सर्व जण जिला ट्रॉली म्हणतात, त्या दोनचाकी गाड्याची मान या गोळ्यावर बसते आणि मग मोटार पुढे, गाडा मागे, असा प्रवास होतो. निदान व्हावा, अशी अपेक्षा आहे.

आपण लिहिता, हे सारे 'दालमिल'साठी चालले आहे. शब्द 'डाळगिरणी' असा आहे. सूनबाईंनी, म्हणजे सौ. राखीने, तूर भरडण्याचे छोटे यंत्र आणले आहे. ते ट्रॉलीवर बसवून ती गावोगावी नेणार आणि बायकांच्या दारात त्यांच्या तुरीची डाळ करून देणार. या योजनेस माझा विरोध असल्याचे आपण सूचित केले आहे, ते साफ चूक आहे. कडीसाठी परिवहन कार्यालयाकडे केलेल्या अर्जावर गाडीमालक म्हणून सही माझीच आहे. सही करण्यापूर्वी त्या अर्जातील तीन चुकाही मी दुरुस्त केल्या होत्या.

आपण लिहिता, वामनने रुसून तीन दिवस जेवण टाकले. मी गुरुवारी आपल्याकडून परतलो. त्या दिवशी एकादशी होती. उपवासाला रुसवा म्हणू नये.

आता मुख्य मुद्दा. आपल्या ऑपरेशनसाठी मी निघालो, त्याच्या आदल्या दिवशी फकीर मोहम्मदच्या हाती मी एक चिठ्ठी दिली. फकीर मोहम्मद आपणास ठाऊक आहे. चौथीत माझ्या शेजारी बसून तो माझ्या पाटीवरून उतरवीत असे. आता बसस्थानकामागे त्याचे वेल्डिंगचे दुकान आहे आणि तालुक्यातील अर्ध्या ट्रॅक्टरांचे हुक त्याने बसवले आहेत. त्या चिठ्ठीत मी, कोणत्याही साक्षर माणसास कळेल अशा शब्दांत, लिहिले होते: 'गाडीस कडी मागून लावावी.' चार शब्द. तरीही मी परतलो, तो कडी लागलेली होती. प्रजासत्ताक दिनाची सुटी साधून गजेंद्र मलकापुराहून आला, अंगणातच गाडी जॅकवर चढवली गेली, बंपर उतरवला गेला, आणि फकीर मोहम्मदने खालच्या दोन लोखंडी दांड्यांना आठ बोल्टांनी कडी कसली. सौ. राखीने पाने हाती दिले. आपल्या भावजयीने, म्हणजे सौ. रुक्मिणीने, सर्वांना पोहे दिले. मी त्या वेळी जळगाव जामोदला आपणास वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. त्या कडीची चारही बाजूंनी काढलेली माझी आकृती टेबलाच्या खणात तशीच राहिली.

माझी मागणी साधी आहे. कडी काढावी आणि माझ्यासमोर पुन्हा लावावी. तोवर गाडीची किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात राहील. फकीर मोहम्मद म्हणतो की मास्तर, कसलेला बोल्ट उगाच सोडत नसतात, त्यानं लोखंड नाराज होतं. हे बोलून तो निघून गेला आणि आठ दिवस सकाळच्या चहाला आलेला नाही. राखीने बुधवार, दि. १८ ला जानेफळच्या बचत गटास शब्द दिला आहे. तिचे हे पहिलेच काम. तिथल्या बायका ठरल्या दिवसाच्या हिशेबाने तुरीला तेल-पाण्याचा हात लावून उन्हात घालणार आहेत आणि त्या दिवशी गिरणी गेली नाही, तर तिला पुन्हा कोणी बोलावणार नाही, असे ती रुक्मिणीस सांगते. मला सांगत नाही. मला फक्त वरण वाढते.

आपण घरातील थोरल्या. माझी चिठ्ठी स्पष्ट होती, एवढे आपण राखीस फोनवर सांगावे, म्हणजे प्रश्न मिटेल.

डोळ्यात थेंब वेळेवर घालावेत. लोभ आहेच, तो सकारण वाढावा.

आपला,
वामन

*

जळगाव जामोद,
ता. १० फेब्रुवारी, मंगळवार

चि. वामन यास जनकाबाईचे अनेक आशीर्वाद. चि. सौ. रुक्मिणीले पण. ती बिचारी सांभाळते तुले.

तुहं पत्र भेटलं. मोठं होतं. नव्या डोळ्यानं पह्यल्यांदाच एवढं वाचलं, अन् डॉक्टर म्हणे आठ दिवस जास्त वाचू नका. आता डोळा दुखला तर तुह्या नावानं सांगीन.

काऊन रे, आपण आपण काय लावलं. लहानपणी माह्या पाठीवर बसून नदीवर जात व्हता, तवा नाही आपण म्हटलं. तवा म्हणे ताई, पळ.

एकादशीचं मले रुक्मिणीनं सांगतलं. तू म्हणे गुरुवारी ताटावरून उठला, अन् तिनं विचारलं तर म्हणाला आज एकादशी हाय. पन्नास वर्षांच्या संसारात तिले हे पह्यल्यांदाच समजलं. मग तिनं तुह्यावर विश्वास ठेवून शुक्रवारी भी भगर वाढली अन् शनिवारी भी भगर वाढली, म्हणे मास्तरांचं व्रत मोठं दिसते, आपण मोडू नये. तीन दिवस तू भगर खाल्ली पण खरं बोलला नाही. तवा म्या 'वामननं जेवण टाकलं' असं लिहिलं, त्यात माही एवढीच चूक की भगर लिहायची राह्यली.

आता चिठ्ठीचं. तू म्हणते साक्षर माणसाले समजते. मी सातवीपर्यंत शिकली, म्हणून समजून घ्यायले बसली. कडी मागून लावावी. बरं.

फकीरभाऊले म्या फोन केला. त्यानं काय म्हटलं सांगू. म्हणे ताई, मास्तरनं लिहिलं मागून लावा, मी मागून लावली. ट्रॉलीची कडी समोरून कोणी लावते का. मले वाटलं मास्तर म्हातारा झाला, जे आंधळ्यालेही समजते ते लिहून देऊन राह्यला, पण दोस्त हाय, म्हणून गप बसलो. आता सांग, त्यानं काय चुकवलं? मागून म्हणजे मागच्या बाजूनं. दारामागून, भिंतीमागून.

तुह्या मनात व्हतं की मागून म्हणजे नंतर. तू परत आल्यावर. तेही खरं. आपण म्हणतो ना, तुम्ही व्हा पुढं, मी मागून येतो.

अन् आता जे सांगते ते बसून वाच. चिठ्ठी राखीनंही वाचली व्हती. ती पोरगी हुशार, पण तिले वाटलं मागून म्हणजे कोणाले तरी मागून. परवानगी मागून. आपली माय नाही का म्हणे, मोठ्यायले मागून घे अन् मग हात लाव. तिनं इचार केला, मामाजी घरी नाही, मग घरात मोठं कोण. तर मी. तिनं रविवारी दुपारी मले फोन लावला, म्हणे आत्याबाई, चिठ्ठीत मागून लावा लिहिलं हाय, तुम्ही हो म्हणा. अन् म्या म्हटलं, लाव बाई, चांगल्या कामाले काऊन थांबते.

तू तवा कुठं व्हता? माह्याच खोलीत. खिडकीजवळच्या पलंगावर, पेपर तोंडावर घेऊन घोरत व्हता. राखी म्हणे मामाजींशी बोलू का. म्या म्हटलं झोपू दे, उठवलं तर पह्यले फोनवरचं तुहं मराठी सुधरवतील, मग नाही म्हणतील. तवा दोष द्यायचा असंन तर मले दे. तू इथं व्हता तवर मी गप बसली, कारण तुह्या तोंडून वर्तमानपत्र आयकायचं व्हतं.

बघ वामन, तिघायनं तुही चिठ्ठी पाळली. फकीरनं पाळली, राखीनं पाळली, म्या पाळली. एकानंही मोडली नाही. चार शब्दांत तीन अर्थ तूच ठेवले व्हते.

अन् एक सांगते, हसू नको. तुले कडीचं काही वाटत नाही. तुले वाटते की अंगणात एवढं मोठं काम झालं, सगळे व्हते, पोहे झाले, अन् मी नव्हतो. आकृती खणात राह्यली. मले समजते रे. पण ते दुख किल्लीत बांधून खिशात ठेवशीन, तर जानेफळच्या बाया काय तुही आकृती दळतीन?

किल्ली दे. राखीचा १८ तारखेचा शब्द जाऊ देऊ नको. घरातली थोरली म्हणून सांग म्हणाला व्हता, तर हे सांगतलं.

माया हायच, ती काही तुह्या खिशात मावायची नाही.

तुही ताई,
जनकाबाई

*

मेहकर (माजघरातून ओसरीवर)
शनिवार, दि. १४/२/२०२६

ती. मामाजींच्या सेवेशी,
अर्जदार: सौ. राखी गजेंद्र चिंचोले
विषय: मोटारीची किल्ली मिळणेबाबत

सा. न. वि. वि.

तोंडी बोललेले आपण ऐकून घेता आणि वर्तमानपत्र उघडता, म्हणून लेखी अर्ज करून तो आपल्या चष्म्याखाली ठेवत आहे. चष्मा घेतल्याशिवाय अर्ज वाचता येणार नाही आणि अर्ज उचलल्याशिवाय चष्मा घेता येणार नाही.

बुधवारी सकाळी आठ वाजता मला जानेफळला पोहोचायचे आहे. तिथल्या बायकांनी काल तुरीला तेल-पाणी लावले. त्याआधी मी त्यांना दोनदा फोन करून विचारले की लावता की थांबता, तर त्या म्हणाल्या बाई, तुम्ही येता म्हणालात ना, मग विचारता काय. अकरा घरांची तूर आहे. ट्रॅक्टर मागून पाहिला (इथे 'मागून' म्हणजे उसना मागून), पण सगळे ट्रॅक्टर कामात आहेत.

कडी आपल्याला न विचारता लागली, याचे मला वाईट वाटते. आत्याबाईंना विचारले म्हणजे झाले, असे मला तेव्हा वाटले. आपण घरात नव्हता, पण फोनच्या पलीकडच्या खोलीत होता, हे मला माहीत होते. उठवायला सांगायला हवे होते.

आपण म्हणाल तर १९ तारखेला फकीरचाचांकडून आठही बोल्ट सोडवून घेईन आणि आपल्यासमोर पुन्हा लावून घेईन. पाने मी देईन. फक्त १८ जाऊ द्या.

एक कळवायचे राहिले. ट्रॉलीचा मागचा फळा गोकुळ पेंटरने रंगवला. मोठ्या लाल अक्षरात 'फीरती डाळगीरणी' आणि खाली 'चिंचोले, मेहकर' असे आहे. मी घाईत होते, नीट पाहिले नाही, बरोबरच असेल. डाळगिरणी जिथे जाईल तिथे लोक वाचतील.

अर्जाचा विचार व्हावा, माया आहे तशी राहावी.

आपली सून,
राखी

*

मेहकर,
शुक्रवार, दि. २० फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप ताईंच्या चरणी वामनचे शि. सा. न. वि. वि.

आपले दि. १० चे पत्र १३ ला पावले. उत्तरास विलंब झाला, कारण मी कामात होतो. ही सबब नाही, हे पुढील मजकुरावरून दिसेल.

पत्र वाचून मी प्रथम कोश काढला. 'मागून' या शब्दाखाली पहिला अर्थ 'मागच्या बाजूने' असा निघाला. माझा अर्थ दुसरा निघाला. म्हणजे चौथीत माझ्या पाटीवरून उतरवणारा फकीर मोहम्मद बरोबर होता, आणि तोही पहिल्या क्रमांकाने. राखीचा अर्थ निराळ्याच शब्दाचा आहे, 'मागणे' या क्रियापदाचा. तिथे 'विचारून' हवे होते, असे मी म्हणू शकलो असतो. परंतु आपली आई 'मागून घे' असेच म्हणत असे, हे आपण लिहिले आहे आणि ते मला चांगले आठवते. आईचे मराठी सुधारण्याचा मी कधी प्रयत्न केला नाही.

दुसऱ्या दिवशी चष्म्याखाली राखीचा अर्ज सापडला. 'मिळणेबाबत' हे मी लाल शाईने 'मिळण्याबाबत' केले. बाकी अर्जात एकही चूक नव्हती. एक सोडून. फळ्यावरील तिचे ते दोन शब्द वाचल्यावर मला रात्रीच उठून अंगणात जावेसे वाटले. सौ. रुक्मिणी म्हणाली की अंधारात दीर्घ वेलांटी दिसायची नाही, सकाळी जा. आमच्या आडनावाच्या वर 'फीरती डाळगीरणी' असे लिहून ती गाडी तालुकाभर फिरणार होती. चाळीस वर्षे मी ज्यांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवले, ते सगळे या तालुक्यात राहतात.

रविवारी सकाळी मी आधी फकीर मोहम्मदच्या दुकानी गेलो. माझ्या चिठ्ठीत 'परतल्यावर' असा एखादा शब्द सापडेल, अशी अंधुक आशा होती. चिठ्ठी त्याने प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर खिळ्याला लावली होती. चारच शब्द होते. पाचवा नव्हता. ती तिथे का लावली, हे मी विचारले. तो म्हणाला की मास्तर, पन्नास वर्षांत तुमच्या हातचं एवढं छोटं वाक्य पह्यल्यांदाच मिळालं, म्हणून जपून ठेवलं. मी त्यास सांगितले की ते वाक्य सदोष आहे, आणि दोष लिहिणाऱ्याचा आहे. त्याने वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवला. सोमवारपासून तो चहाला येतो. साखर पूर्वीइतकीच घेतो.

मग आमच्या अंगणात येऊन त्याने मला गाडीखाली नेले. सतरंजी टाकून आम्ही दोघे पाठीवर आडवे झालो. मी विजेरी धरली. आठ बोल्ट मोजले, प्रत्येकास चकती आहे. कडी जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे मी पट्टीने मोजले. माझ्या आकृतीत लिहिली होती, नेमकी तेवढीच. मी त्यास म्हटले की आकृती तर खणात होती. तो म्हणाला की उंची ट्रॉलीच्या मानेवरून ठरते मास्तर, आकृतीवरून नाही, पण तुमची आकृती बरोबर निघाली तर बरंच हाय. सौ. रुक्मिणीने अंगणातून विचारले की दोघं जिवंत आहात का, पोहे करू का.

पोहे खाऊन आम्ही फळ्याकडे वळलो. गोकुळला बोलावले. तो म्हणाला की गुरुजी, मी तर बरोबर लिहीत होतो, पण बाईनं कागदावर असंच लिहून दिलं, अन् असंच ठेव म्हणून दोनदा सांगतलं. ज्या सुनेने अर्जात 'डाळगिरणी' अचूक लिहिले, तिने फळ्यावर ते चुकीचे का लिहून दिले असेल, हे समजायला मला गोकुळने टर्पेंटाइनची चिंधी हाती देईपर्यंत वेळ लागला. खिडकीचा पडदा हलला. पडद्यामागे राखी आणि रुक्मिणी दोघी होत्या. मी दोन्ही वेलांट्या स्वतःच्या हाताने पुसल्या. नव्या वेलांट्या गोकुळने काढल्या. हात धुण्यापूर्वी मी किल्ली खुंटीवर अडकवली. तिला टर्पेंटाइनचा वास अजून येतो.

बुधवारी पहाटे ट्रॉलीची मान गोळ्यावर बसली. फकीर मोहम्मदने साखळी अडकवली, मागचे दिवे लागतात का, हे पाहिले आणि तो पाठीमागच्या बाकावर बसला. पुढे राखी चालवायला आणि शेजारी मी. मी जाणार, हे ठरलेले नव्हते. राखीने दार उघडून ठेवले होते, एवढेच.

जानेफळला गल्ली अरुंद होती आणि गाडी मागे घ्यायची होती. मी उतरून डावीकडे, डावीकडे, असे सांगू लागलो. ट्रॉली उजवीकडे गेली आणि एका घराच्या ओट्याला भिडता भिडता राहिली. राखीने खिडकीतून विचारले की मामाजी, डावी कोणाची, माझी, तुमची की ट्रॉलीची. मागच्या बाकावर फकीर मोहम्मद इतका हसला की त्यास खोकला लागला. ट्रॉली मागे घेताना चाक एकीकडे फिरवावे लागते आणि ती दुसरीकडे जाते, हे मला त्या दिवशी कळले. मग मी तोंड बंद ठेवले आणि नुसता हात दाखवला. गाडी नीट लागली.

अकरा घरांची तूर दुपारी चारपर्यंत झाली. पहिल्या पायलीची डाळ परातीत पडली, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने ती मुठीत घेतली, फुंकर मारली आणि राखीच्या ओंजळीत ओतली. राखीने ती पदरात बांधली. घरी येईपर्यंत तिने गाठ सोडली नाही. परतीला दोन गावांच्या बायकांनी तिला तारखा विचारल्या. निघण्यापूर्वी त्या म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे पाहून हे कोण, म्हणून विचारले होते. राखीने सांगितले की हे आमच्या दालमिलचे मास्तर. तिने 'दालमिल' म्हटले. मी दुरुस्त केले नाही. आज सकाळी त्याच डाळीचे वरण झाले.

१९ तारखेला राखीने पाने काढून ठेवले होते. मी ते परत पेटीत ठेवले. कसलेला बोल्ट उगाच सोडू नये, असे फकीर मोहम्मदचे मत आहे आणि ते मला पटते.

आता, या प्रकरणाच्या तारखा आपल्याकडून व राखीकडून सर्व नातलगांत चुकीच्या पसरल्या आहेत. त्या खालीलप्रमाणे वाचाव्यात.

२२ जानेवारी, गुरुवार: चिठ्ठी लिहिली. (२३ नव्हे. २३ ला मी बसमध्ये होतो.)

२५ जानेवारी, रविवार: दुपारी राखीचा फोन व आपली संमती. मी घोरत नव्हतो. तोंडावर वर्तमानपत्र होते, हे मान्य.

२६ जानेवारी, सोमवार: कडी लावली. आपल्या दि. २ च्या पत्रात 'शनिवारी' आहे, तो शनिवार आपल्या डोळ्याच्या ऑपरेशनचा होता.

२९ जानेवारी, गुरुवार: मी परतलो. एकादशी होती, हे खरे. मी ती धरतो, हे खरे नव्हते.

२९ जानेवारी ते १५ फेब्रुवारी: किल्ली माझ्या खिशात. राखी सतरा दिवस सांगते. पहिला आणि शेवटचा धरून अठरा होतात.

१५ फेब्रुवारी, रविवार: दोन वेलांट्या पुसल्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार: जानेफळ. सकाळी आठला पोहोचायचे होते. पावणेआठला पोहोचलो.

२२ जानेवारी, गुरुवार, पुन्हा: वाक्य चुकले होते. 'मी परतल्यावर, मला बरोबर घेऊन' असे लिहायचे होते.

डोळ्याला ताण देऊ नकोस ताई, या पत्राची नक्कल रुक्मिणीकडे आहे, तिचा फोन येईल तेव्हा तिच्याकडून ऐक. लोभ कमी करण्याचे काही कारण उरले नसावे.

तुझा,
वामन